काकांचे दोन टेराबाइट

गोकुळ रोडला हुबळीतला निवृत्तांचा रस्ता म्हटलं तर लोक हसतील. दिवसभर हा रस्ता नुसता धावत असतो. नव्या बसस्टँडातून लांबच्या गाड्या सुटतात, औद्योगिक वसाहतीत टेम्पो शिरतात आणि विमानतळाकडे निघालेल्या टॅक्सीवाल्याला तर पुढच्या सगळ्यांनी आपापल्या घरी जावं असंच वाटत असतं. पण मुख्य रस्ता सोडून आतल्या कॉलन्यांत वळलं की चित्र पालटतं. परिवहन महामंडळ, रेल्वे, बँका, किर्लोस्कर इलेक्ट्रिकसारखे कारखाने अशा ठिकाणी हयात घालवलेली मंडळी इथे घरं बांधून राहिली आहेत. दारात तुळस, कट्ट्यावर पेपर, संध्याकाळी गिरमिट-मिरची. आणि कपाटाच्या लॉकरमध्ये, दागिने आणि एफडीच्या पावत्या यांच्या शेजारी, जुन्या मोज्यात गुंडाळलेली एक एक्स्टर्नल हार्ड डिस्क.

मोज्यातल्या त्या डबीत काय नसतं? नातवाच्या मुंजीचा व्हिडिओ, घराचा उतारा, कुणाच्या तरी एक्स-रेचा मोबाइलवर काढलेला फोटो, बंद पडलेल्या लॅपटॉपमधून ‘जसंच्या तसं’ उचललेलं सगळं काही आणि तीन-चार फोनांतली सुप्रभातची फुलं. हे लावून ठेवायची मात्र कुणाला गरज वाटत नाही. हवं तेव्हा सर्च मारू, सापडेल, अशी एक श्रद्धा असते. पूर्वी घरातल्या बायका ट्रंकेत काय कुठे आहे ते डोळे मिटून सांगायच्या, कारण तिथे सर्च मारायची सोय नव्हती.

आमच्या काकांची डिस्क याहून थोडी निराळी. दोन टेराबाइटची, आणि जवळजवळ सगळी गाण्यानं भरलेली. काका कारखान्यात नोकरीला होते तेव्हापासून त्यांना रेकॉर्डिंगचा नाद. आकाशवाणीचं धारवाड केंद्र १९५०चं; त्या केंद्रावर लागलेलं गाणं रेडिओसमोर टेपरेकॉर्डर ठेवून घ्यायचं, कुंदगोळला रात्रभर बैठक ऐकायची, पहाटे कुणाकडून तरी कॅसेटची कॉपी मिळवायची. काकूंच्या म्हणण्यानुसार घरात पाहुण्यांना गादी नव्हती, पण कॅसेटींना कपाट होतं. पुढे मुलानं अमेरिकेहून येऊन त्या सगळ्या कॅसेटी संगणकात उतरवल्या, डिस्कमध्ये भरल्या आणि तो परत गेला. कपाट रिकामं झालं. काकूंनी त्यात लोणच्याच्या बरण्या ठेवल्या.

आणि एके दिवशी काकांनी शोधाच्या चौकटीत ‘गंगूबाई’ असं टाइप केलं. वरच्या पट्टीतून हिरवी रेघ गोगलगायीच्या गतीनं सरकली, सरकत राहिली, आणि शेवटी पांढऱ्या पडद्यावर एक इंग्रजी ओळ उमटली. तुमच्या शोधाशी जुळणारं काहीही नाही.

‘‘अरे, नाही म्हणायलंय की हे!’’ काकांचा फोन आला तेव्हा आवाजात राग नव्हता, धक्का होता. हुबळीत बसून संगणकानं गंगूबाई हनगल नाही म्हणावं, हे त्यांच्या मते तांत्रिक बिघाडाच्या पलीकडचं होतं.

मी पोचेपर्यंत कॉलनीनं रोगाचं निदान केलेलं होतं. समोरच्या अण्णांचं मत व्हायरस. रेल्वेतून निवृत्त झालेल्या शेजाऱ्यांचं मत केबल. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्या पोरानं ‘फॉरमॅट मारा काका, नवी होते’ असा सल्ला दिला होता आणि काकूंनी त्याला पुन्हा घरात घ्यायचं नाही असं ठरवलं होतं. डिस्क गेली यावर मात्र सर्वांचं एकमत होतं.

अशा वेळी पहिलं काम सोपं असतं. डिस्कच्या चित्रावर उजवं बटण दाबायचं आणि प्रॉपर्टीज बघायच्या. निळा गोल अर्ध्याहून जास्त भरलेला दिसला, म्हणजे माल आत आहे. (माल आहे पण फोल्डर दिसत नाहीत असंही होतं. पेन ड्राइव्हमधून येणारे काही व्हायरस फोल्डर पुसत नाहीत, फक्त लपवतात. ‘हिडन आयटम्स’वर खूण केली की ते फिकट रंगात पुन्हा उभे राहतात.) काकांचे फोल्डर समोर दिसत होते. फक्त शोधणारा त्यांना ओळख देत नव्हता.

हा शोधणारा कसा आहे ते कळलं की निम्मा राग जातो. पेठेतल्या जुन्या दुकानदारासारखा तो गल्ल्यावर बसलेला असतो. आपण मागितलेली वस्तू त्याच्या पाठीमागच्या फळीवर असते, पण तो मान वळवत नाही. समोरच्या खतावणीत नोंद असेल तर हात लांबवून काढून देतो, नसेल तर बसल्या जागेवरून ‘इल्लरी’ म्हणतो. विंडोजची ही खतावणी म्हणजे इंडेक्स. संगणक रिकामा असताना ती गुपचूप लिहिली जाते, आणि तिच्यात मुख्यतः घरचा माल असतो: आपले डॉक्युमेंट्स, फोटो, डेस्कटॉप. बाहेरून जोडलेली डिस्क ही पाहुणी. तिची नोंद आपण सांगितल्याशिवाय होत नाही. मग शोधायची वेळ आली की प्रत्येक फोल्डर उघडून बघत जावं लागतं, म्हणून ती हिरवी रेघ इतकी रेंगाळते. तेही फक्त नावं बघायची. फाइलच्या आतला मजकूर वाचायचा तर फोल्डर ऑप्शन्समध्ये जाऊन तशी वेगळी खूण करावी लागते.

उपाय आहे. कंट्रोल पॅनेलमध्ये इंडेक्सिंग ऑप्शन्स उघडायचं, ‘मॉडिफाय’ दाबायचं, डिस्कच्या नावासमोर बरोबरची खूण करायची आणि खतावणी लिहून होईपर्यंत संगणकाला एकटं सोडायचं. हे शेवटचं काकांना जमेना. दर थोड्या वेळानं ते माउस हलवून ‘कुठवर आलं?’ बघत, आणि माणूस कामाला बसला असं समजून विंडोज लिहिण्याचा वेग कमी करी. शिवाय डिस्क काढून दुसऱ्या दिवशी लावली की कधी ती ‘ई’ असते, कधी ‘जी’. खतावणीत पत्ता ई, पाहुणी उतरली जी मध्ये, की पुन्हा इल्लरी. डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन तिला एक कायमचं अक्षर नेमून द्यावं लागतं. वर्णमालेच्या शेवटचं द्यावं, म्हणजे सहसा कुणी ते पळवत नाही.

‘एव्हरीथिंग’ नावाचा एक छोटा फुकट प्रोग्राम आहे. तो फोल्डर उघडत बसत नाही. एनटीएफएस पद्धतीनं तयार केलेल्या डिस्कमध्ये सगळ्या फाइलींचा एक मुख्य तक्ता असतो, तेवढाच तो वाचतो आणि लाखो नावं डोळ्याची पापणी लवायच्या आत पुढे मांडतो. पण काकांचा मुलगा मॅक वापरतो, म्हणून दोन्हीकडे चालावी यासाठी त्यानं डिस्क एक्सफॅटमध्ये ठेवलेली. तिथे तो तक्ता नसतो. मग त्या प्रोग्रामलाही ‘हा फोल्डर बघ’ असं हाताला धरून दाखवावं लागतं. दाखवलं. काकांनी पुन्हा ‘गंगूबाई’ टाइप केलं.

नाही.

इथून पुढे प्रश्न यंत्राचा राहिला नाही, आपला झाला. काकांकडे कॅसेटींची एक यादी होती, पूर्वी बेळगावच्या एका डीटीपीवाल्याकडून नीट टाइप करून आणलेली. पडद्यावर ती शुद्ध मराठीत दिसे. पण ती श्रीलिपीतली. त्या जमान्यातल्या फाँटांत अक्षराचा फक्त चेहरा मराठी असे. आत साठवलेली असत ती इंग्रजी की-बोर्डची चिन्हं. फाँट नसलेल्या संगणकावर तीच यादी उघडली की शेपट्या आणि टोप्या घातलेली युरोपातली अक्षरं बाहेर येतात. शोधणाऱ्याला चेहरा दिसत नाही, त्याला आतलंच दिसतं. त्याच्या लेखी त्या यादीत गंगूबाई नव्हत्या, भीमसेन नव्हते, मराठीही नव्हती. महाराष्ट्रात आणि सीमाभागात किती संस्थांची इतिवृत्तं, किती स्मरणिका आणि किती पीएचडीचे प्रबंध अशा चेहऱ्यांमागे गप्प बसले आहेत, याचा अंदाजच करावा. ते युनिकोडमध्ये बदलून देणारे कन्व्हर्टर असतात, पण बदलून घ्यायचं कुणाच्या तरी मनात यावं लागतं.

युनिकोड आलं म्हणून सगळं सुरळीत झालं असंही नाही. त्यात प्रत्येक अक्षराला क्रमांक असतो. क म्हणजे २३२५, ळ म्हणजे २३५५. पण काकांच्या एका फोल्डरचं नाव होतं ‘अ‍ॅकॉर्डियन’. मी टाइप केलं ‘ॲकॉर्डियन’, आणि नाही म्हणून उत्तर आलं. दोन्ही नावं शेजारी ठेवून भिंग लावून बघितली तरी फरक दिसत नाही. माझ्या की-बोर्डनं ॲ हे एकच अक्षर दिलं होतं, क्रमांक २४१८. ते युनिकोडमध्ये २००८ साली आलं. काकांच्या मुलाच्या की-बोर्डनं मात्र अ, क्रमांक २३०९, आणि वरचा अर्धचंद्र, क्रमांक २३७३, असे दोन तुकडे मांडून मध्ये ८२०५ क्रमांकाचा एक अदृश्य जोडणारा बसवला होता. अक्षराला अक्षर जुळवणाऱ्या प्रोग्रामला हे दोन वेगळे गृहस्थ. ‘ऱ्या’चीही हीच गत, तोही दोन तऱ्हांनी लिहिता येतो. काकांना हे सांगितलं तेव्हा ते थोडा वेळ पडद्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, ‘‘आमच्या मास्तरांनी एवढं शुद्धलेखन तपासलं, पण हे नव्हतं रे कधी तपासलं.’’

गावाचं नावही एक नाही. सरकारनं १ नोव्हेंबर २०१४ रोजी हुबळीचं हुब्बळ्ळी केलं, त्याच दिवशी बेळगावचं बेळगावी झालं. काकांच्या डिस्कवर त्याआधीचे फोल्डर इंग्रजीत ‘हुबली’, नंतरचे ‘हुब्बळ्ळी’, आणि काकांनी स्वतः केलेले मराठीत ‘हुबळी’. एका घरात राहून तिघं तीन चुलींवर जेवतात तसं ते चाललं होतं. सगळे एकदम हवे असतील तर तिन्ही नावं ‘ऑर’ घालून द्यावी लागतात, आणि ते ‘ऑर’ मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहावं लागतं. लहान अक्षरांतला ‘ऑर’ म्हणजे विंडोजला नुसता एक शब्द.

तरी गावाचं परवडलं. गाणाऱ्यांनी तर आमच्या भागात नावांची चैन केली आहे. कुंदगोळचे रामभाऊ सौंशी हे रामभाऊ कुंदगोळकरही आणि सवाई गंधर्वही. सुळेभावीचा शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकली म्हणजे कुमार गंधर्व. शोधात नुसतं ‘गंधर्व’ टाकावं तर बाल, सवाई, कुमार असे सगळे एकाच रंगमंचावर येतात, आणि ‘कोमकली’ टाकावं तर कुणीच येत नाही. हनगल कुणी हंगल लिहितं, कुणी हानगल. ज्या यादीला हे नातं माहीत नाही तिला राग विचारता येतो, माणूस विचारता येत नाही.

काकांना हवी असलेली फाइल शेवटी काकांनीच ओळखली, आणि तीही यादी खाली सरकवता सरकवता. नाव होतं ‘गांधारी’. ‘‘अरे, हेच की ते!’’ गंगूबाईंचं मूळ नाव गांधारी, आणि एचएमव्हीच्या त्यांच्या सुरुवातीच्या रेकॉर्डींवर हुबळीच्या गांधारी म्हणूनच त्यांचं नाव आहे. मुलानं कॅसेटीच्या खोक्यावर जे लिहिलं होतं तेच प्रामाणिकपणे फाइलला दिलं. त्यात त्याचं काही चुकलं नाही. फाइल लावली, तर खरखरीतून एक चढा, टोकदार, कोवळा आवाज आला. आमच्या पिढीला गंगूबाई म्हणजे तो भारदस्त, पुरुषी वाटावा असा, जमिनीत पाय रोवलेला आवाज. तो घशावरच्या उपचारांनंतरचा. त्याआधीचा हा. नाव निराळं, आवाज निराळा. आता मला सांगा, कुठलं यंत्र या दोघींची गाठ घालून देणार? काका मात्र पहिल्याच तानेला मान हलवून मोकळे झाले होते. १९५२ साली वारलेल्या सवाई गंधर्वांना त्यांनी कधी ऐकलं नाही, पण त्यांच्याकडे शिकायला हुबळीहून कुंदगोळला रेल्वेनं जाणाऱ्या गंगूबाईंच्या गोष्टी त्यांनी डब्यातल्या सहप्रवाशाच्या अधिकारानं ऐकवल्या.

ती रेकॉर्ड तीन-साडेतीन मिनिटांची. १९५६ साली आयबीएमनं जगातली पहिली हार्ड डिस्क बाजारात आणली. चोवीस इंच व्यासाच्या पन्नास तबकड्या, कपाटाएवढं यंत्र, आणि क्षमता पन्नास लाख अक्षरांची. आजच्या एमपीथ्रीच्या हिशोबानं त्या कपाटात गांधारीची ही एक रेकॉर्ड मावली असती, ख्याल मावला नसता. आज मोज्यात मावणाऱ्या डबीत हजारो तासांचं गाणं बसतं. जागा वाढली तशी आपली नाव द्यायची सवय मात्र घटली. पन्नास लाख अक्षरंच असती तर माणसानं काय आत टाकायचं याचा विचार केला असता, आणि विचार करणारा माणूस नावही नीट देतो.

यंत्राचं एक मला आता पटलं आहे. ते ‘नाही’ म्हणतं तेव्हा खोटं बोलत नाही. त्याचा अर्थ इतकाच की मला कुणी सांगितलेलं नाही. आपण तो ऐकतो मात्र ‘अस्तित्वातच नाही’ असा. सरकारी कचेरीत ‘रेकॉर्डला नाही’ हे उत्तर ऐकून परत फिरलेल्या माणसांचे आपण वंशज, त्यामुळे उलट विचारायची सवय नाही. पण डिस्कपाशी उलट विचारता येतं. दुसऱ्या नावानं विचारावं, दुसऱ्या लिपीत विचारावं, अर्धं नाव देऊन पुढेमागे चांदणी लावून विचारावं, तारखेनं विचारावं. आणि तरीही नाहीच आलं तर ज्याला माहीत आहे अशा माणसाला शेजारी बसवून यादी खाली सरकवावी. हा शेवटचा उपाय कुठल्याच मदतपुस्तिकेत नसतो, आणि तो फार दिवस उपलब्धही नसतो. फोटोतली डावीकडून तिसरी बाई कोण हे सांगणारी आत्या आहे तोवर त्या फोटोला नाव आहे. तिच्यानंतर तो नुसता आयएमजी आणि पुढे चार आकडे.

हे काकांना सांगायची गरज पडली नाही. त्यांनी दुसऱ्या दिवसापासून फाइलींना नावं द्यायला घेतलं. कारखान्यात हयातभर नोंदी ठेवलेला माणूस. एकेका फाइलीच्या नावात राग, ताल, गायक, गुरू, तबल्याला कोण, बैठक कुणाच्या वाड्यात, त्या रात्री पाऊस होता की नव्हता. मग एक दिवस फाइल दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवायला गेले तर विंडोजनं नाकारलं: नाव फार लांब झालंय. फोल्डरांसकट सगळा पत्ता साधारण २६० अक्षरांत बसवायचा असा त्याचा जुना नियम. काकांनी पाऊस काढला, तबलजी ठेवला.

दुसरी अडचण जास्त गंभीर होती. एका कॅसेटीवर काहीच लिहिलेलं नव्हतं. आवाज मल्लिकार्जुन मन्सूरांचा वाटत होता, पण काकांची खात्री होईना. त्यांनी नाव लिहिलं, पुढे प्रश्नचिन्ह टाकलं आणि संगणकानं ठसक्यात सांगितलं की हे चिन्ह फाइलीच्या नावात चालणार नाही. खरंच चालत नाही. प्रश्नचिन्ह, चांदणी, विसर्गासारखे दोन टिंब अशी काही चिन्हं विंडोजनं स्वतःच्या कामासाठी राखून ठेवली आहेत.

‘‘म्हणजे शंका घ्यायची सोयच नाही म्हण की,’’ काका म्हणाले. मग त्यांनी प्रश्नचिन्ह पुसलं आणि नावाच्या आधी ‘बहुतेक’ लिहिलं.

आता त्या डिस्कवर ‘बहुतेक’ टाकून शोधलं की सर्वांत लांब यादी वर येते. बहुतेक मन्सूर, बहुतेक बसवराज, बहुतेक धारवाड रेडिओ. दिवाळीला गोतावळा जमला की काका ती यादी उघडतात आणि एकेक फाइल लावून ज्येष्ठ मंडळींची साक्ष काढतात. वाद होतो, आवाज चढतात, गिरमिटाची दुसरी फेरी होते. शेवटी मतदान होऊन एखाद्या फाइलीच्या नावातलं ‘बहुतेक’ निघतं. पण असं क्वचितच. एरवी काका सगळ्यांचं ऐकून घेतात, चष्मा पुसतात आणि त्यापुढे आणखी एक शब्द टाइप करतात: बहुतेक नाही.